लघवी आवरत नाही तेव्हा: मोठ्यांचा डायपर निवडणं, बसवणं आणि रोज सांभाळणं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मेडिकलमध्ये मोठ्यांचा डायपर घ्यायला बहुधा मुलगा किंवा सून येते आणि बोलणं दोन वाक्यांत उरकतं. "पेशंटचं वजन किती?" "असेल पंचावन्न किलो." "मग मीडियम न्या." कागदात गुंडाळलेलं पाकीट घरी येतं, पहिल्याच रात्री वाकळ भिजते आणि घरात ठरतं की हे काही आज्जीला चालत नाही. पुन्हा जुनं लुगडं फाडून घड्या घालायला सुरुवात होते. त्या रात्रीचा डायपर टाकायच्या आधी उघडून पाहिला असता, तर मधली गादी अर्धी कोरडी सापडली असती. लघवी गादीत मुरायच्या आधीच मांडीच्या फटीतून बाहेर गेलेली असते. कपडे ओले आणि गादी कोरडी, म्हणजे माप चुकलं किंवा बसवताना चुकलं. जास्त महागाचा, जास्त जाड डायपर आणून हे सुटत नाही. शिंप्याची टेप आणि पाच मिनिटांची सवय, यांनी बऱ्याच घरांत सुटतं.

आधी गळती कसली ते पाहा

खोकताना, शिंकताना, भरलेली घागर उचलताना थोडी सुटते, हा एक प्रकार. बाळंतपणं जास्त झालेल्या, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या बायकांत हा खूप दिसतो. दुसरा प्रकार म्हणजे एकदम घाई लागते आणि न्हाणीचं दार गाठेपर्यंत होऊन जाते. तिसऱ्यात लागते ते कळतं, पण गुडघे धरलेत, लकवा झालाय, संडास परसात आहे, उठून पोचणं होत नाही. चौथा प्रकार फसवा आहे: मूत्राशय भरलेलंच राहतं, धार येत नाही, आणि वरून थेंब थेंब सांडत राहते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांत आणि जुन्या मधुमेहात हे होतं. इथे डायपर लावून गप्प बसणं धोक्याचं आहे, कारण तुंबलेल्या लघवीचा ताण पुढे किडनीवर येतो. ओटीपोट टणक लागत असेल आणि डायपर मात्र दर वेळी थोडाच ओला सापडत असेल, तर आधी डॉक्टर. लघवी अजिबात होत नसेल आणि पोट दुखत असेल, तर त्याच दिवशी.

तीन दिवस एक वही ठेवा. किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, डायपर किती वाजता बदलला आणि त्याचं वजन किती भरलं. वजनासाठी स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरतो. नवा कोरडा डायपर एकदा तोलून आकडा लिहून ठेवा, वापरलेला पिशवीत गुंडाळून तोला, फरक काढा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. कोरडा 100 ग्रॅमचा डायपर 420 भरला, तर 320 मिलिलिटर लघवी त्यात आहे. (शौच झालेला डायपर या हिशेबात धरू नका.) निरोगी मोठं माणूस दिवसभरात साधारण 800 ते 2,000 मिलिलिटर लघवी करतं. त्यातली किती डायपरमध्ये जाते, दिवसा जास्त की रात्री, हे कळलं की कोणता माल घ्यायचा याचं उत्तर निम्मं मिळालं. ही वही दवाखान्यातही कामाला येते. डॉक्टर कानडी बोलणारे असोत की इंग्रजी, वेळ आणि मिलिलिटरचे आकडे सगळ्यांना वाचता येतात. आकडे इंग्रजी पद्धतीने लिहा, इतकंच.

कोणासाठी काय

दुकानात "डायपर" या एका नावाखाली तीनचार वेगळ्या वस्तू येतात.

सुट्टा पॅड चड्डीच्या आत चिकटवायचा असतो. थोडीथोडी सुटणाऱ्या, हिंडत्याफिरत्या माणसासाठी तो चांगला. पण तो अंगाला धरून ठेवायला घट्ट चड्डी लागते. आपल्याकडच्या पुष्कळ वयस्कर बायका नुसता परकर नेसतात, आत काही घालत नाहीत. त्यांना पॅड देऊन उपयोग नाही, तो सरकतो. एकतर अंगाबरोबरच्या सुती चड्डीची सवय लावायची, नाहीतर थेट चड्डीसारखा डायपर द्यायचा. पाळीचा पॅडही इथे चालत नाही. तो हळूहळू येणाऱ्या रक्तासाठी केलेला असतो. लघवी एका झटक्यात येते आणि त्याच्यावरून वाहून जाते.

चड्डीसारखा डायपर, ज्याला दुकानदार पँट डायपर म्हणतात, तो चालत्या माणसाचा. स्वतः वर-खाली करता येतो, म्हणून न्हाणीला जायची सवय मोडत नाही. ती सवय शक्य तितके दिवस टिकवायला हवी.

टेपचा डायपर, दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या असलेला, अंथरुणावरच्या माणसासाठी. पँट काढायला पाय उचलावे लागतात, टेपचा झोपल्या जागी कुशीवर वळवून बदलता येतो. आणखी एका शरीरयष्टीला टेपचाच बरा पडतो: पोट सुटलेलं आणि मांड्या काटकुळ्या. पँटमध्ये कंबरेला बरोबर बसलं की मांडीला फट राहते. टेपमध्ये वरची आणि खालची पट्टी वेगवेगळी आवळता येते.

चौथी वस्तू अंडरपॅड, म्हणजे गादीवर अंथरायची शोषणारी चादर. ती डायपरच्या जोडीला असते. डायपरऐवजी तिच्यावर उघडं निजवणं हे बदलताना किंवा अंगाला वारा लागावा म्हणून अर्धा तास ठीक. रात्रभर नको.

पुरुषांसाठी कंडोम कॅथेटर हाही पर्याय आहे. बाहेरून चढवायची रबरी पिशवी, तिला नळी, नळीला युरो बॅग, म्हणजे लघवी साठवायची पिशवी. माप साधारण 25 ते 35 मिलिमीटरमध्ये येतं आणि ते मोजूनच घ्यावं. सैल असेल तर निसटते, आवळ असेल तर सूज येते. पहिल्यांदा नर्सकडून लावून घ्या, रोज बदला, आणि टेप कधीही गोल कड्यासारखी आवळून गुंडाळू नका. युरो बॅग कायम कंबरेच्या खाली टांगलेली हवी.

माप

शिंप्याची टेप घ्या. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा, मग नितंब सगळ्यात रुंद असतात तिथे मोजा. दोन्हींतला मोठा आकडा धरायचा. उभं राहता येत असेल तर उभ्याने मोजा आणि एकदा बसवूनही मोजा, कारण बसल्यावर नितंब पसरतात. अंथरुणावर असेल तर कुशीवर वळवून टेप खालून सरकवा. लुगड्यावरून, धोतरावरून मोजलेलं माप दोनतीन इंच जास्त भरतं आणि तिथेच मीडियमचा लार्ज होतो.

पाकिटावर इंच आणि सेंटिमीटर दोन्ही छापलेले असतात. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर. फ्रेंड्स, लिफ्री, डिग्निटी अशा वेगवेगळ्या कंपन्यांचा "लार्ज" एकसारखा नसतो, म्हणून कंपनी बदलली की अक्षर विसरा आणि आकडे वाचा. पाकिटावर कानडी, हिंदी, इंग्रजी काहीही छापलेलं असलं तरी आकड्यांचा तक्ता असतोच. माप दोन साइजच्या सीमेवर असेल तर मांड्या बघा. बारीक मांड्यांना लहान साइज, भरलेल्या मांड्यांना मोठी. मोठी साइज घेतली की जास्त लघवी मावते, ही समजूत जवळजवळ प्रत्येक घरात आहे, आणि गळतीचं सगळ्यात मोठं कारण तीच आहे. सैल डायपर मांडीला चिकटत नाही, मधली गादी खाली लोंबते, आणि लघवी गादीवर न पडता बाजूने निघून जाते.

चाचणी अशी करा. घातल्यावर कंबरेला दोन बोटं सहज जावीत, मांडीला एक. मग उभं करा, दहा पावलं चालवा, आणि जमत असेल तर जमिनीवर मांडी घालून बसवा. ही मांडीची चाचणी पाकिटावर लिहिलेली नसते, पण पंगतीला, भजनाला, सोप्यात बसणाऱ्या माणसाला ती हवीच. मांडी घातली की पुढचा भाग खाली ओढला जातो आणि मांडीजवळची कड उघडते. बसल्यावर कड उघडी पडत असेल तर एक साइज लहान करून पाहा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचा. सगळं पाकीट एकदम घेऊ नका. काही मेडिकलवाले सुटे नग देतात. दोन-तीन कंपन्यांचे दोन-दोन आणून पाहिले की दहा-दहाची पाकिटं वाया जाणं टळतं.

टेपचा डायपर बसवताना

1. हात धुवा, पाणी, जुना टॉवेल, नवा डायपर, रिकामी पिशवी जवळ घ्या. मधेच उठायला लागलं तर माणूस उघडं पडून राहतं, आणि आज्जींना त्याचंच जास्त वाईट वाटतं. दार लोटा, अंगावर चादर ठेवा.
2. डायपर पूर्ण उघडून लांबीत हलका ताणा, मग मधोमध होडीसारखा वाकवा. दोन्ही कडांना उभ्या राहणाऱ्या पातळ झालरी असतात, त्या बोटांनी वर काढा. त्या आत दुमडलेल्या राहिल्या तर हमखास गळतं.
3. माणसाला कुशीवर वळवा. टेप असलेली बाजू पाठीकडे. मागची वरची कड कंबरेच्या खळगीपर्यंत यायला हवी. परत उताणं करा, गुडघे थोडे वाकवा आणि पुढचा भाग पायांमधून वर घ्या. बायकांचं पुसणं आणि घालणं नेहमी पुढून मागे, नाहीतर शौचाचे जंतू लघवीच्या जागी जाऊन संसर्ग होतो.
4. पुरुषांमध्ये लिंग खाली वळलेलं ठेवा. वर किंवा बाजूला राहिलं की धार थेट पोटावरच्या कडेतून बाहेर.
5. आधी खालच्या दोन पट्ट्या, किंचित वरच्या दिशेला तिरक्या, मांडीभोवती कप बसेल अशा. मग वरच्या दोन, किंचित खालच्या दिशेला. वरच्या आधी लावल्या की मांडीची फट बंद होत नाही.
6. शेवटी मांडीच्या खाचेत बोट फिरवून झालर बाहेर आली का पाहा.

बोटांना तेल किंवा मलम असेल तर पट्टी चिकटणार नाही. आपल्याकडे सकाळी खोबरेल चोळायची पद्धत आहे. तेल लावायचंच तर पाठीला, पायांना लावा आणि डायपरच्या जागी लावू नका. तेलाचा थर डायपरचा वरचा पापुद्रा बुजवतो. टाल्कम पावडरचंही तेच, शिवाय घामाने तिचे गोळे होऊन खाचेत घासतात.

नेसण्याचंही जमवावं लागतं. परकराची नाडी डायपरच्या वरच्या कडेवर आवळली तर कड दुमडते. नाडी त्याच्या वर, कंबरेवर बांधा. नऊवारीचा काष्टा आणि धोतराचा कासोटा मधली गादी दाबून धरतात, आणि दाबलेली गादी कमी शोषते. घरात सैल नेसणं किंवा लुंगी बरी. बाहेर जाताना काष्टा हवाच असेल तर तो अंगाबरोबर राहील पण रुतणार नाही इतपत.

तरी गळतं, तर

बाजूने गळत असेल तर साइज मोठी आहे किंवा झालर आत गेली आहे. मागून, पाठीपर्यंत ओलं होत असेल तर रात्री उताणं निजल्यावर लघवी मागे वाहते. मागची कड वर घ्या, मागच्या बाजूला गादी लांब असलेला रात्रीचा प्रकार घ्या. एकाच कुशीवर निजणाऱ्याचं खालच्या कुशीला ओलं होतं. त्या बाजूच्या पट्ट्या जरा जास्त आवळा. पुढून गळत असेल तर पुरुषांमध्ये क्रमांक चारची चूक. गादी टचटचीत फुगलेली आणि कपडेही ओले, असं असेल तेव्हाच शोषणशक्ती कमी पडली म्हणा. तेव्हा डायपर लवकर बदला किंवा जास्त शोषणारा प्रकार घ्या.

दोन डायपर एकावर एक घालण्याने काही होत नाही. आतल्याच्या पाठीला प्लास्टिक असतं, ते भरलं की लघवी बाहेरच्यापर्यंत न जाता कडेने सांडते. बाहेरचा कोरडाच फेकला जातो. त्यासाठी प्लास्टिक नसलेले जोड-पॅड मिळतात, बूस्टर नावाने मागा. जुन्या कापडाची घडी आत घालणं तर उलट त्रासाचं. कापड ओल कातडीला धरून ठेवतं, आणि डायपरचं सगळं काम ओल कातडीपासून दूर नेण्याचं आहे. आतले बारीक दाणे, सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे, लघवी शोषून जेली होतात. ते बाहेर आलेले दिसले तर घाबरू नका. डायपर फार वेळ राहिला किंवा आतला पापुद्रा फाटला एवढाच त्याचा अर्थ. पुसून धुऊन घ्या.

पाकिटावरचे "10 तास", "12 तास" हे आकडे घड्याळ लावून पाळायचे नाहीत. तितकं मावत असेल, पण तितका वेळ कातडीला सोसवत नाही. दिवसा चार ते सहा तासांनी बदला, ओला जास्त झाला तर आधी. रात्री चांगल्या प्रतीचा असेल आणि कातडी ठणठणीत असेल तर सात-आठ तास झोपू द्या, झोपही औषध आहे. शौच झालं की मात्र त्याच क्षणी, मध्यरात्र असली तरी. शौच आणि लघवी एकत्र आली की कातडी काही तासांत सोलवटते. बाहेरची रंग बदलणारी पट्टी ओल झाल्याचं सांगते, किती झाली ते सांगत नाही. तळहाताने खालून तोलून पाहणं जास्त खरं.

कातडी

कोमट पाणी, सौम्य साबण (तोही प्रत्येक वेळी नको, शौचानंतर पुरे), मऊ कापडाने टिपून कोरडं करणं. घासायचं नाही. मांडीची खाच, नितंबांमधली घडी, बायकांच्या पोटाच्या वळीखालची जागा राहून जाते, तीच आधी लाल होते. मग झिंक ऑक्साइडचं किंवा साधं पेट्रोलियम जेलीचं मलम वाटाण्याएवढं, कातडी अजून दिसेल इतकं पातळ. जाड थर दिलात तर डायपर शोषणार नाही. दिवसातून दोनदा वीस-तीस मिनिटं अंडरपॅडवर उघडं ठेवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात हे जमतंच. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात हवाच ओली असते, तिथे पंखा लावून करा.

लाली ओळखायला शिका, कारण प्रत्येक लालीचा उपाय वेगळा. डायपरच्या सगळ्या भागावर पसरलेली, चुरचुरणारी लाली ओलीमुळे. डायपर लवकर लवकर बदला, मलम लावा, दोन-तीन दिवसांत उतरायला हवी. खाचेत गडद लाल, कडेला सुटे सुटे पुरळ, खाज असेल तर ती बुरशी. त्याला डॉक्टरांनी दिलेलं बुरशीचं औषधच लागतं. मेडिकलमधून मिळणारी, स्टेरॉइड मिसळलेली खाजेची ट्यूब आपल्या मनाने लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी दुप्पट पसरते. तिसरी लाली माकडहाडावर, टाचेवर, खुब्यावर. बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरी पडून परत लाल होत नसेल, तशीच लाल राहत असेल, तर ती अंथरुणाच्या जखमेची सुरुवात. दर दोन तासांनी कूस बदलणं त्याच दिवसापासून, आणि दवाखाना.

पाणी कमी करू नका

लघवी होते म्हणून पाणी तोडणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत. पाणी कमी झालं की लघवी दाट, पिवळी, उग्र होते, मूत्राशयाला आतून टोचते, घाई वाढते, वास वाढतो, संसर्ग होतो, बद्धकोष्ठ होतं, आणि भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. किडनी-हृदयासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातलेली नसेल तर दिवसभरात दीड लिटरच्या आसपास, थोडं थोडं करून द्या आणि झोपायच्या दोन तास आधी हात आखडता घ्या. तोडायचाच असेल तर संध्याकाळचा तिसरा-चौथा चहा तोडा. रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी असू शकते, ती रात्री घेतली जात असेल तर सकाळी चालेल का हे डॉक्टरांना विचारा. स्वतः बंद करू नका.

जे चालू शकतात त्यांना दर दोन तासांनी, लागो न लागो, न्हाणीला न्या. खोकल्यावर सुटणाऱ्यांना ओटीखालच्या स्नायूंचा व्यायाम फरक पाडतो: लघवी आवरताना जो स्नायू आवळतो तोच पाच ते दहा सेकंद आवळायचा, तेवढाच वेळ सोडायचा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. बसूनही करता येतो, टीव्ही बघतानाही.

वाकळ, गादी आणि पावसाळा

गादीवर आधी रेक्झिन, त्यावर सुती चादर, त्यावर अंडरपॅड. रेक्झिन अंगाला लागू नये, घामाने पाठ भिजते. वाकळ अंगावर घ्या, अंगाखाली नको. एकदा आत मुरली की चार थरांची वाकळ आषाढात वाळत नाही आणि वास कायमचा राहतो.

धुवायचे अंडरपॅड स्वस्त पडतात. आधी थंड पाण्यात खळबळून लघवी काढा, मग साबणात भिजवा. कपडे मऊ करायचं द्रव्य वापरू नका, त्याचा थर बसून कापड शोषेनासं होतं. उन्हात वाळवा. उन्हाळ्यात तीन-चार पुरतात. जून ते सप्टेंबर खानापूर तालुक्यात सहा-आठ लागतात, कारण कपडे दोन दोन दिवस वाळत नाहीत. तेवढे नसतील तर त्या चार महिन्यांत टाकून द्यायचे वापरा. डायपरची पाकिटंही जमिनीवर, ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. दमट हवेत गादी आधीच ओल धरते आणि पट्टीचा डिंक जातो. डब्यात किंवा फळीवर ठेवा.

घराबाहेर

बरीच माणसं डायपर लागला की लग्नाला जात नाहीत, जत्रेला जात नाहीत, देवळाच्या पायरीवरूनच परततात. नीट बसलेला डायपर लुगड्याखाली, पँटीखाली दिसत नाही. तासभर घरात घालून, मांडी घालून, जिना चढून खात्री करा आणि जा.

पिशवीत दोन डायपर, चार प्लास्टिकच्या पिशव्या, वर्तमानपत्र, पाण्याची छोटी बाटली, ओले पुसणे, एक परकर किंवा लुंगी, छोटा टॉवेल. निघायच्या अगदी आधी बदला. पँट डायपर बाहेर बदलायचा तर दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडून काढा, खाली ओढत आणू नका. नवा घालायला मात्र चप्पल-पँट उतरवावी लागते, म्हणून लांबच्या प्रवासात टेपचा सोयीचा. बेळगावहून मिरजेच्या दवाखान्याला जायचं असेल आणि बस-रेल्वे दोन्ही जमत असतील, तर रेल्वे घ्या. डब्यात संडास असतो, थांब्याची वाट पाहावी लागत नाही. बसने जाताना शक्यतो पुढच्या, कमी उसळणाऱ्या सीटवर बसा, दणक्याने सुटते.

घरातल्या बोलण्याचं एक. पाहुण्यांसमोर "आज्जी, डायपर बदलायचाय" असं मोठ्याने म्हणू नका. "आज्जी, जरा आत या" एवढं पुरतं. तात्यांचं काम शक्यतो मुलाने किंवा नातवाने करावं. सुनेकडून करून घेताना त्यांचा जीव अर्धा होतो, आणि लाजेपोटी ओलं झालेलं ते सांगत नाहीत. त्या न सांगण्यातूनच कातडी जाते.

विकत घेणं आणि टाकणं

हिशेब पाकिटाचा करू नका, दिवसाचा करा. नगाचा भाव गुणिले रोजचे नग. दिवसाला चार स्वस्त लागत असतील आणि तीन बऱ्या प्रतीचे पुरत असतील तर कधी कधी महागच स्वस्त पडतो. दिवसा साधा, रात्री जास्त शोषणारा, अशी दोन पाकिटं घरात ठेवणं बहुतेकांना परवडतं. 22 सप्टेंबर 2025 पासून डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, जुन्या छापील किमतीचा माल असेल तर विचारा. जनऔषधी केंद्रातही मोठ्यांच्या डायपरची चौकशी करा. शहरात मोठ्या दवाखान्यांभोवतीच्या मेडिकलमध्ये सगळ्या साइज असतात. गावात चिठ्ठीवर प्रकार, साइज, इंच, नग लिहून द्या आणि आठवडाभराचा साठा उरला असतानाच मागणी करा. कानडी दुकानदाराला "दोड्डवर डायपर" म्हटलं की लगेच कळतं.

वापरलेल्यातली विष्ठा संडासात झटकून टाका, डायपर आतल्या बाजूने घट्ट गुंडाळा, त्याच्याच पट्ट्यांनी बंद करा, कागदात बांधा, वर लाल खूण करा. घनकचऱ्याचे नियम 2016 सालापासून हेच सांगतात: गुंडाळून, ओल्या कचऱ्यात न मिसळता द्या. संडासात टाकला तर फुगून पाइप तुंबतो. उकिरड्यात टाकला तर कुत्री ओढून गल्लीभर करतात, आणि तो कुजत नाही, पुढच्या वर्षी खतातून शेतात येतो. चुलीत किंवा परड्यात जाळू नका, प्लास्टिकचा धूर घरातल्यांच्याच नाकात जातो. गावात कचऱ्याची गाडी येत नसेल तर झाकणाच्या डब्यात साठवून तालुक्याच्या गावी, जिथे गाडी असते तिथे द्या.

लघवीत रक्त, ताप-थंडी, अचानक सुरू झालेली गळती, पायातली ताकद एकदम जाणं किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूचं कळेनासं होणं, यांपैकी काही दिसलं तर डायपरचा विचार नंतर. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात किंवा बेळगावच्या बिम्सच्या जिल्हा रुग्णालयात जा. वही बरोबर न्या, आणि डायपर घातलेलाच असू द्या, म्हणजे बाकावर नंबर येईपर्यंत निवांत बसता येतं.